कोर्लईची 'नॉ लिंग' : मातृभाषाविषयक ममत्वाचे एक उदाहरण

मातृभाषेविषयीच्या ममत्वाची चर्चा निघाली की तमिळचे उदाहरण प्रथम पुढे येते. तेथे भाषेलाच माता कल्पून तिचे स्तवन केले जाते. परंतु तमिळच्या पाठीशी दोन सहस्र वर्षांचे वाङ्मय, स्वतंत्र व्याकरणपरंपरा आणि राज्यसत्ता आहे. यांपैकी काहीही नसताना हे ममत्व कशाच्या आधारे टिकते, हा प्रश्न रायगड जिल्ह्यातील कोर्लई या गावाच्या संदर्भात विचारण्याजोगा आहे.

कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्याच्या समोरच्या तीरावर वसलेल्या या गावातील ख्रिस्ती समाज पोर्तुगीजोद्भव मिश्रभाषा बोलतो. भाषकांची संख्या सुमारे एक हजार असावी. चौल येथे पोर्तुगीजांनी 1521 मध्ये किल्ला बांधण्यास आरंभ केला. 1740 मध्ये हा प्रदेश मराठ्यांकडे आला. सत्ता गेली, पण भाषा राहिली. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिचा सविस्तर अभ्यास आढळतो. धर्मामुळे हा समाज हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांपासून वेगळा पडला आणि जातिभेदामुळे उच्चवर्णीय ख्रिस्ती समाजापासूनही. विवाहसंबंध व नित्य व्यवहार बव्हंशी समाजांतर्गतच राहिल्याने भाषेला घरातच आश्रय मिळाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही भाषा शुद्ध राहून टिकली नाही. पोर्तुगीजमध्ये कर्ता, क्रियापद, कर्म असा क्रम असतो. मराठीच्या सहवासाने कोर्लईत क्रियापद वाक्याच्या अंती जाऊ लागले. पोर्तुगीजच्या तीन क्रियापदगणांच्या जोडीला मराठीतून घेतलेल्या धातूंसाठी चौथा, उकारान्त गण निर्माण झाला. म्हणजे बाहेरचा शब्द आला, तरी त्याला घरचा प्रत्यय लावून घेण्यात आला.

भाषकांनी तिला दिलेले नाव 'नॉ लिंग', म्हणजे 'आपली भाषा'. या नावात ना प्रदेशाचा उल्लेख आहे, ना राष्ट्राचा. आहे ती केवळ आपलेपणाची खूण.

तथापि ज्या एकाकीपणाने तिला जपले, तो आता ओसरत आहे. शिक्षण मराठी व इंग्रजीतून, चरितार्थ गावाबाहेर, आणि लेखनपरंपरा नाही. एकाकीपणा ही लादलेली स्थिती होती. तो सरला याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. परंतु यापुढे मुलांशी 'आपल्या' भाषेत बोलणे हा परिस्थितीचा परिणाम न राहता प्रत्येक कुटुंबाचा निर्णय ठरेल. मातृभाषेवरील ममत्वाची खरी परीक्षा तेथेच आहे.