खानदेशाची जुनी राजधानी

मंडळी, दिल्ली-आग्रा आपण हौसेने पाहतो. पण खानदेशाची राजधानी पाहिलीत का? फारुकी सुलतानांचे ठाणे आधी तापीकाठी थाळनेरला होते, पुढे बऱ्हाणपुरास गेले. १६०१ साली अकबराने असीरगड घेतला नि ते राज्य संपले.

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. भुसावळहून रावेरमार्गे आगगाडीने जावे. जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. गुरुजींनी तो मुलांना दाखवावा.

मग कुंडी भंडारा पाहावा. सातपुड्याचे झिरपलेले पाणी मोगल अमदानीत जमिनीखालच्या बोगद्याने, विहिरींच्या रांगेतून शहराकडे आणले. मोट नाही की पंप नाही, नुसता उतार! पण डोंगर बोडका झाला, पाझर आटला, की बोगदा कोरडा. आपल्या विहिरींचेही गणित हेच, नाही का?