फार दिवस उभ्या गाडीचा पहिला धूर

खंडेनवमी आणि दसऱ्याला आपल्याकडे वाहनांची पूजा असते. त्या निमित्ताने कमरीपेठेतल्या आणि आसपासच्या घरांतून, ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी असलेली एखादी जुनी गाडी बाहेर निघते. नवी बॅटरी बसते, इंजिन चालू होते आणि मागून भरपूर धूर येतो. "इंजिन गेलं" असा निकाल लगेच दिला जातो. पण इंजिन उघडण्याआधी धुराचा रंग पाहावा आणि तो किती वेळ टिकतो ते पाहावे, असे आम्हाला सभासदांना सांगायचे आहे.

जुन्या स्पोर्ट्स कारला हे जास्तच लागू पडते. आपल्या शेजारच्या गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'सॅन स्टॉर्म' ही दोन आसनांची, उघड्या छताची गाडी बनू लागली. तिची बॉडी फायबरग्लासची आणि इंजिन रेनोचे, ११४९ सीसीचे. फायबर गंजत नाही, म्हणून अशी गाडी धुतली की नव्यासारखी दिसते. आतल्या पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह आणि रबरी सील यांचे वय मात्र लपत नाही. मोजक्या बनलेल्या गाडीचे सुटे भाग मिळणेही कठीण. उगाच उघडलेले इंजिन कित्येक महिने तसेच पडून राहू शकते.

पांढरा, विरळ धूर बहुधा वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. शिवाय पावसाळ्याची ओल सायलेन्सरमध्ये साचलेली असते. पाइप तापला की ही वाफ दहा-पंधरा मिनिटांत थांबते. पांढरा धूर दाट असेल, थांबत नसेल, गोडसर वास येत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी आणि इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. चालू करताना निळा लोट येऊन थोड्या वेळात विरला, तर व्हॉल्व्हचे रबरी सील कडक झालेले असतात. ते काम तुलनेने लहान. ॲक्सिलरेटर दाबला की धूर सतत येत असेल, तर रिंग अडकल्या किंवा झिजल्या असाव्यात. नुसत्या अडकलेल्या रिंग ऑइल बदलून काही दिवस सावकाश गाडी चालवल्यावर कधी कधी सुटतात. म्हणून आधी कॉम्प्रेशन तपासून घ्यावे, मगच मोठ्या खर्चाचा विचार करावा.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी घर केलेले असते, चोक अडकलेला असतो किंवा टाकीतले जुने पेट्रोल चिकट झालेले असते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओल शोषते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही.

यातला बराच त्रास आधीच टळतो. जुने पेट्रोल काढून नवे भरावे. ऑइल, फिल्टर आणि कूलंट बदलावे. पेट्रोलच्या नळ्यांना चिरा आहेत का ते पाहावे. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडावे आणि इंजिन हाताने फिरवून पाहावे. अडत असेल तर जोर करू नये. हे ऑइल पहिल्यांदा निळा धूर देणारच, त्याला घाबरू नये.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. खरा धोका दिसणाऱ्या धुरात नसून न दिसणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडमध्ये आहे. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद जागेत तो काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. शटर अर्धे उघडे ठेवणे पुरेसे नाही. गाडी ढकलून मोकळ्या जागेत आणावी, मगच चालू करावी. आपल्या गल्ल्या अरुंद आहेत, म्हणून पाइपचे तोंड कुणाच्या दारा-खिडकीकडे नको, आणि मुलांना लांब ठेवावे. डोके दुखले किंवा गरगरले, तर सगळे सोडून आधी मोकळ्या हवेत यावे आणि डॉक्टरांना गाठावे.

पूजेच्या दिवशी घाई नको. ही तयारी आठवडाभर आधीच करावी.