टायरला आलेला फुगा आणि रुतलेला खिळा

बारामतीहून इंदापुरास जाणारा रस्ता मोटार बाळगणाऱ्या पुष्कळ कुटुंबांच्या पायाखालचा, किंबहुना चाकाखालचा आहे. भवानीनगर, लासुर्णें, अंथुर्णें आणि निमगांव केतकी हीं गांवें घेत सुमारें ५० किलोमीटरांत तो इंदापुरास पोहोंचतो. आषाढी वारींत तुकोबांची पालखी याच बाजूनें पंढरपुराकडे जाते, आणि २०२१ सालीं या पालखीमार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिलाही बसली. पण रस्ता कितीही रुंद झाला, तरी त्यावर पडणाऱ्या वस्तू त्याच राहतात. उसाचा हंगाम सुरू झाला कीं कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची रीघ लागते. बैलांच्या खुरांच्या पत्र्या निखळतात आणि त्यांचे खिळे डांबरावर पडून राहतात. कडेला वेडी बाभूळ माजलेली; तिचा कांटा चपलेचा तळ सहज भेदतो. शिवाय भरल्या ट्रॉल्यांच्या वजनानें खचलेल्या जागा आहेतच.

अशा रस्त्यावरचा एक प्रसंग श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावा. बारामतीचे एक गृहस्थ आई, पत्नी आणि दोन मुलें यांना घेऊन इंदापुरास लग्नाला निघाले आहेत. मुहूर्त दुपारचा आहे, आणि घरच्या प्रथेप्रमाणें निघतांनाच अर्धा तास उशीर झालेला आहे. लासुर्ण्याच्या अलीकडे पुढचें डावें चाक एका खड्ड्यांत जोरानें आदळलें. गाडी थांबली नाहीं, डळमळलीही नाहीं. निमगांव केतकीस चहाला उतरल्यावर धाकट्या मुलाला त्या चाकाच्या बाजूवर सुपारीएवढा फुगा आलेला दिसला. वांकून पाहतां पाहतां गृहस्थांना मागच्या उजव्या चाकांत रुतलेला खिळाही दिसला. झिजून चकाकणारें त्याचें डोकें नक्षीच्या बरोबर मध्यभागीं होतें. दुखापती दोन आणि स्टेपनी एक. ती कोणत्या चाकाला लावावी?

अशा वेळीं सल्ला देणारे कोठेंही कमी पडत नाहींत. "फुग्याचं काय न्हाय, आरामात जातंय, पर खिळा काढून घ्या आधी," असें कोणीतरी सांगतोच, आणि तें ऐकणाऱ्यालाही पटतें. खिळा म्हणजे शस्त्र. तो आंत घुसलेला दिसतो. फुगा मऊ, गुळगुळीत, आणि हवा तर कोठूनच जात नाहीं! वास्तविक हा सल्ला दोन्हीं बाबतींत नेमका उलटा आहे, आणि तो उलटा कां, हें समजण्यास टायर कशाचा बनलेला असतो हें पाहावें लागतें.

हवा भरलेल्या चाकाची कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट टॉमसननें १८४५ सालींच पेटंट घेऊन नोंदविली होती; पण ती विस्मृतींत गेली. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन डनलॉप या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तीच गोष्ट नव्यानें केली, आणि तेथून ती जगभर पसरली. या शोधाचें मर्म असें कीं गाडीचें ओझें रबर उचलीत नाहीं. तें कोंडलेली हवा उचलते. माणसांसह १२०० किलो वजनाची गाडी धरली, तर प्रत्येक चाकावर ३०० किलो भार येतो. हवेचा दाब चौरस इंचास ३३ पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारें २.३ किलो ठेवला, तर एका चाकाचा जमिनीला टेकणारा भाग साधारण १३० चौरस सेंटिमीटर भरतो. पोस्टाचें साधें कार्ड तेवढेंच असतें. पांच माणसांचें कुटुंब अशा चार पोस्टकार्डांवर बसून ताशीं ८० किलोमीटरांनीं धांवत असतें.

आतां ही हवा कोंडून कोण ठेवतें? रबर नव्हे. रबर ताणलें कीं ताणत जातें. हवेला आवर घालतात ते रबरांत पुरलेले दोरे. हल्लींच्या मोटारींच्या रेडियल टायरांत रिमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कृत्रिम धाग्यांचा थर गेलेला असतो, आणि नक्षीच्या खालीं त्यावर पोलादी तारांचे पट्टे गुंडाळलेले असतात. म्हणजे जमिनीला टेकणारा भाग चांगला चिलखती आहे. बाजू मात्र तशी नाहीं. तिला वांकावयाचें असतें, म्हणून ती पातळ ठेवलेली असते, आणि तिच्यांत बहुधा धाग्यांचा तो एकच थर असतो.

खड्ड्याच्या कडेवर चाक आदळलें म्हणजे टायरची बाजू रिम आणि दगड यांच्यामध्यें अडकित्त्यांतल्या सुपारीसारखी सांपडते. बाहेरचें रबर लवचिक असल्यानें शाबूत राहतें. आंतले धागे तुटतात. मग त्या जागीं हवेला अडविण्यास केवळ रबराची कातडी उरते, आणि ती बाहेर फुगते. फुग्याच्या बुडाची जागा एक चौरस इंच धरली, तरी त्यावर आंतून ३३ पौंडांचा, म्हणजे १५ किलोंचा रेटा सतत पडतो. पुन्हां तो फुगा स्वस्थ बसलेला नसतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यांत बाजूचा प्रत्येक भाग एकदां दबतो आणि सुटतो. टायरचा घेर १.८५ मीटर धरून हिशेब केला, तर बारामती ते इंदापूर एवढ्या प्रवासांत चाकाचे सुमारें २७००० फेरे होतात. तुटलेल्या धाग्यांच्या शेजारचे धागे तितक्या वेळां दुप्पट ओझें सोशीत वांकतात. त्यांतला पुढचा केव्हां तुटेल, हें टायर बनविणाऱ्यालाही सांगतां येत नाहीं. आणि तुटतो तेव्हां हवा हळूहळू न जातां टायर एकदम फुटतो, तोही पुढच्या चाकाचा, ज्यानें गाडी वळते.

म्हणून बाजूवरच्या फुग्याला दुरुस्ती नाहीं. त्यावर आंतून ठिगळ लावतां येतें असें सांगणारे आढळतात. पण ठिगळ भोंक बुजवितें, तुटलेले धागे जोडीत नाहीं.

येथें एक खुलासा अवश्य आहे, नाहीं तर पुष्कळांची झोंप उगाच उडेल. बाजूवर बाहेर आलेला उंचवटा धोक्याचा, हें खरें. पण कधीं कधीं आडवी, आंत दबलेली खोलगट रेघ दिसते. कारखान्यांत धाग्यांच्या थराचीं दोन टोंकें एकमेकांवर चढवून जोडतात. त्या जागीं थर दुहेरी, म्हणून अधिक बळकट असतो आणि हवा भरल्यावर कमी फुगतो. ती रेघ म्हणजे व्यंग नव्हे. संशय आला तर बोट फिरवून पाहावें.

आतां खिळा. तो नक्षीच्या मध्यभागीं, पोलादी पट्ट्यांतून गेलेला आहे. ट्यूबलेस टायरांत खिळा स्वतःच बुचाचें काम करतो, आणि हवा तासागणिक थोडीथोडीच झिरपते. अशा वेळीं सर्वांत मोठी चूक म्हणजे जवळ साधन नसतां रस्त्याच्या कडेला पकडीनें तो उपसणें. दाब मोजून पाहावा. तो टिकत असेल तर बेताच्या वेगानें जवळच्या दुकानापर्यंत जाण्यास हरकत नसते. मध्यभागाचें ६ मिलिमीटरपर्यंतचें भोंक नीट दुरुस्त होतें. मात्र नीट म्हणजे टायर रिमवरून उतरवून, आंतून तपासून, छत्रीच्या आकाराचें ठिगळ बसवून. दुकानांत त्याला मशरूम म्हणतात. बाहेरूनच सुईनें चिकट दोरी कोंबण्याची जी पद्धत सर्वत्र आहे, ती वेळ निभावण्यापुरती ठीक. टायर उतरविल्याखेरीज आंत काय झालें आहे हें कोणालाच दिसत नाहीं. तोच खिळा नक्षीच्या अगदीं कडेला, म्हणजे टायरच्या खांद्यावर किंवा बाजूवर असता, तर भोंक केवढेंही बारीक असो, निकाल फुग्याप्रमाणेंच झाला असता.

आंत पाहण्याचें आणखी एक कारण आहे. हवा बसलेल्या टायरवर गाडी एखादा किलोमीटर जरी तशीच दामटली, तरी बाजू घडी पडल्यासारखी चेंबते आणि आंतल्या अंगाला घासून रबराचा भुगा पडतो. टायर उतरविल्यावर हा काळा भुगा किंवा बाजूवर गोल घासल्याचा पट्टा दिसला, तर मूळचें भोंक टांचणीएवढें असलें तरी टायर बाद समजावा. पंक्चर काढणारा कारागीर प्रामाणिक असला म्हणजे तो हा भुगा गिऱ्हाइकाला दाखवितो. दाखविला नाहीं तर मागून पाहावा.

कमी हवेची गोष्ट एवढ्यावरच थांबत नाहीं. हवा कमी म्हणजे बाजूचें वांकणें अधिक, आणि वांकण्यानें उष्णता वाढते. नागपूर-मुंबई समृद्धि महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाल्यावर लांब, सरळ, सिमेंटच्या रस्त्यावर तासन्‌तास भरधाव जाणाऱ्या गाड्यांचे टायर फुटण्याची मोठी चर्चा झाली, आणि २०२३ सालीं परिवहन खात्याच्या पथकांनीं प्रवेशद्वारांवरच टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या माघारी धाडल्या. त्यावर नायट्रोजन भरावा असा उपाय पुष्कळजण सुचवितात. साध्या हवेंतच शेंकडा ७८ भाग नायट्रोजन असतो. दाब बरोबर ठेवला तर उरलेल्या भागासाठीं फारसें अडत नाहीं.

झिजण्याचा नियम सोपा आहे. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरांहून उथळ झाली कीं तो कायद्यानें बाद. त्या खोलीवर खांचांच्या तळाशीं रबराचे बारीक उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात, ते नक्षीच्या पातळीला आले म्हणजे मोजण्याचीही गरज नाहीं. नक्षी गेली म्हणजे टायर मेला असें मात्र नव्हे. एस. टी. महामंडळ आपल्या बसगाड्यांच्या टायरांना नवी नक्षी चढवून ते पुन्हां वापरतें. पण त्याआधीं आंतला सांगाडा धड आहे कीं नाहीं, हें पाहावें लागतें. टायरवर चीर पडली असल्यासही हीच कसोटी. बोथट वस्तूनें ती हळूच उघडून पाहावी. आंत नुसतें रबर दिसलें तर चिंता नाहीं, धागा अथवा तार दिसली तर टायर उतरवावा.

तेव्हां निमगांवच्या त्या गृहस्थांनीं स्टेपनी पुढच्या डाव्या चाकाला लावावी, आणि खिळा आहे तेथें राहूं द्यावा, हें उघड आहे. पण डिकीचा तळ उघडल्यावर बहुतेक घरांत जें होतें तेंच येथेंही होईल: स्टेपनी मऊ लागेल. चार चाकांची हवा महिन्याला पाहणारे लोकही पांचवें चाक वर्षानुवर्षें विसरतात. तिच्या बाजूवर लंबगोलांत चार अंक असतात. '२३१९' असें असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला असें समजावें. अंक फार जुने असून रबराला बारीक भेगा पडल्या असतील, तर ती स्टेपनी पंक्चरच्या दुकानापर्यंतच न्यावी. ती इतर चाकांहून अरुंद असेल, तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळावी. ती बहुधा ताशीं ८० किलोमीटरांची असते. २०२० सालच्या नियमांनीं, हवेचा दाब दाखविणारें यंत्र आणि दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनीवांचून चालविण्याची मुभा मिळाली. त्या संचांतील चीक खिळ्याच्या भोंकाला पुरतो. फुग्यापुढें त्याचा कांहींएक उपयोग नाहीं. अशा गाडीच्या मालकानें टोईंगवाल्याचा दूरध्वनि क्रमांक जवळ ठेवावा हें बरें.

निमगांवांत हवा भरून, चाक बदलून, खिळ्याच्या चाकाचा दाब मोजून निघावयास पाऊण तास गेला, आणि पुढचे बारा-पंधरा किलोमीटर गाडी हळू न्यावी लागली, तर मंगलाष्टकें चुकतील. जेवणाची पंगत चुकणार नाहीं. इंदापुरांत खिळा काढून ठिगळ लावतां येईल. फुगा आलेला टायर मात्र "असूं द्या, कोणाच्या तरी ट्रॉलीला होईल" म्हणून दुकानांत सोडून देऊं नये. त्याच्या बाजूला सुरीनें हातभर चीर द्यावी, आणि मग खुशाल त्याच्या चपला कराव्या, कीं मुलांसाठीं लिंबाला झोंपाळा टांगावा.