छर्‍यातला सूर्य

जालन्यातल्या एखाद्या गॅरेजातून बेअरिंगचा 10 मिलिमीटरचा छर्रा आणा आणि सकाळच्या उन्हात ठेवा. त्याच्या पोटात एक ठिणगी दिसेल. ती सूर्याची प्रतिमा, मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाहूनही बारीक! जवळपास 14 लाख किलोमीटर व्यासाचा सूर्य त्या छर्‍यात चांदणी होऊन बसतो. घरी घासलेला दुर्बिणीचा आरसा जमलाय की नाही, हे ही चांदणी सांगते.

पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत अरविंद परांजपे यांच्या कार्यशाळांत अनेक हौशींनी असे आरसे घासले. 6 इंची, 1.2 मीटर नाभीय अंतराचा आरसा घ्या. साधा गोलाकार आणि हवा तो अन्वस्ताकार, यांत कडेला फरक जेमतेम 0.3 मायक्रॉन, वहीचा कागद त्याच्या तीनशेपट जाड! तरी बिंदूएवढा प्रकाश तो फरक उघडा पाडतो. नेत्रिका फोकसच्या किंचित आत, मग तितकीच बाहेर सरकवा. दोन्हीकडे प्रकाशाची कडी सारखी दिसली तर आरसा उत्तम. एकीकडे रेखीव, दुसरीकडे पुसट दिसली तर पॉलिशचं काम बाकी आहे.

मग खरा तारा का नको? ध्रुव जागचा हलत नाही, म्हणून तोच सोयीचा. पण जालन्याचा अक्षांश 20 अंशांच्या आसपास, त्यामुळे ध्रुव क्षितिजापासून दोनच मुठी वर. डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा त्याचा प्रकाश जवळपास तिप्पट हवेतून येतो आणि कडी थरथरतात. एलईडीपुढे फॉइल लावून सुईनं भोक पाडता येतं, पण 50 मीटरवरून ते 0.1 मिलिमीटरहून लहान हवं. मोठं झालं की कडी एकमेकांत मिसळतात.

माझी पसंती छर्‍यालाच. तपासायच्या आरशावर अजून मुलामा नसतो, आणि मुलामा न दिलेली काच जेमतेम 4 टक्के प्रकाश परत पाठवते. तिथं ध्रुव फिका पडतो. 50 मीटरवरचा छर्रा मात्र शुक्राच्या तोडीनं तळपतो.

छर्रा काळ्या कापडावर, दुर्बिणीच्या पश्चिमेला ठेवा. नेत्रिका नेहमीपेक्षा सुमारे 3 सेंटिमीटर बाहेर घ्यावी लागेल. सूर्य उगवल्यावर लगेच काम उरका, काळं रान तापलं की हवा नाचू लागते. आणि सूर्य कायम पाठीशी असू द्या. दुर्बीण चुकूनही त्याच्याकडे वळवू नका.