बायकाच आता खुनी झाल्यात म्हणे!

२०२५ च्या मार्चमध्ये मीरतचं ते निळ्या ड्रमचं प्रकरण झालं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विनोदांचा नुसता पूर आला. जुलैत तर बातमी आमच्या शेजारीच येऊन थडकली. नालासोपाऱ्यात एका घराच्या लाद्या उकरल्या, खाली नवऱ्याचा मृतदेह. आरोप बायकोवर आणि शेजाऱ्यावर. खटल्याचं जे व्हायचं ते होईल. पण आमच्या माणिकपूरच्या बाजारात, विरार लोकलच्या लेडीज डब्यात एकच चर्चा : "काळ फिरला गं बाई! आता नवऱ्यांनीच घाबरून राहायचं."

काळ खरंच इतका फिरलाय का, हे मला बघावंसं वाटलं.

तर मैत्रिणींनो, संयुक्त राष्ट्रांच्या २०१९ च्या अहवालानुसार जगभरात खुनाच्या संशयितांपैकी सुमारे ९० टक्के पुरुष असतात. मारले जातात तेही बहुतेक पुरुषच. भांडणं, टोळ्या, दारू, जमिनीचे वाद, सगळं घराबाहेरचं. उंबरठ्याच्या आत मात्र चित्र पालटतं. २०२२ मध्ये जगात सुमारे ८९ हजार बायका-मुलींचे खून झाले. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींना नवऱ्याने, जोडीदाराने नाहीतर घरच्याच कुणी मारलं. खून झालेल्या पुरुषांमध्ये हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास आहे.

बाईने खून केला की तो लक्षात राहतो, कारण तो क्वचित होतो. १९९६ मध्ये पकडलेल्या कोल्हापूरच्या गावित बहिणी आजही आपल्याला आठवतात. त्याच वर्षी पकडलेल्या एखाद्या पुरुषाचं नाव सांगता येईल?

काळाबरोबर बदल झालाय, पण तो भलताच! अमेरिकेत १९७६ ते २००५ या काळात बायकोच्या किंवा मैत्रिणीच्या हातून मरणाऱ्या पुरुषांची संख्या जवळजवळ ७५ टक्क्यांनी घटली. जोडीदाराच्या हातून मरणाऱ्या बायकांची संख्या त्या मानाने फारच कमी उतरली. असं का, याचा अभ्यासकांनी शोध घेतला. त्याच वर्षांत तिकडे मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी निवारे उघडले, हेल्पलाइन आल्या, घटस्फोट सोपा झाला. मार खाऊन खाऊन शेवटी हत्यार उचलणाऱ्या बाईला दुसरं दार सापडलं. म्हणजे बघा, सोय केली बायकांसाठी आणि जीव वाचले नवऱ्यांचे! पुरुषाचं मात्र पुष्कळदा उलटं असतं. ती निघून जाते, म्हणूनच तो मारतो. त्यामुळे दार उघडलं तरी तिचा धोका तेवढा टळत नाही.

ऐश्वर्या रायचा 'प्रोव्होक्ड' पाहिलाय ना? ती किरणजित अहलुवालियाची खरी हकिगत. इंग्लंडमध्ये दहा वर्षं मार खाल्ल्यावर १९८९ मध्ये तिने झोपलेल्या नवऱ्याला पेटवलं. जन्मठेप झाली. १९९२ मध्ये ती शिक्षा रद्द होऊन, गुन्हा कमी दर्जाचा मानून तिला सोडण्यात आलं. तिने केलं ते भयंकरच, यात वाद नाही. पण त्या दहा वर्षांत तिला जायला जागा कुठे होती?

आणि आपल्या वसईची श्रद्धा वालकर. नोव्हेंबर २०२० मध्ये तिने तुळिंज पोलिसांकडे लेखी तक्रार दिली होती, की हा मला मारून टाकील. पुढे ती मागे घेतली. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला, आरोप त्याच जोडीदारावर. वडिलांनी ती हरवल्याची तक्रार दिली, ती ऑक्टोबरमध्ये इथे माणिकपूर पोलीस ठाण्यातच नोंदवली गेली. तेव्हा लोकलमध्ये कुणी म्हटलं नाही की आता बायकांनी घाबरून राहायचं. मुलींना उपदेश मात्र भरपूर झाले!

आपल्याकडे दारं अगदीच नाहीत असं नाही. मुंबईत पोलिसांच्या जोडीने महिलांसाठी विशेष कक्ष १९८४ पासून सुरू झाला, मग तो राज्यभर पसरला. घरगुती हिंसाचाराचा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात घरातच राहण्याचा हक्क मिळतो, आणि अर्ज भरून द्यायला सरकारी संरक्षण अधिकारी असतो. १८१ ही हेल्पलाइन आहे, तातडीला ११२. हा संरक्षण अधिकारी कोण, असं मी आमच्या बिल्डिंगच्या हळदीकुंकवाला सहज विचारलं. तीसेक बायकांत दोघींना माहीत होतं. त्यातली एक अंगणवाडी सेविका.