प्रतिपक्षाचा मान

समजा, नागपूरच्या एका शाळेत वादसभा भरली आहे. विषय आहे, ‘मुलांसाठी शैक्षणिक दूरचित्रवाणी हवी.’ बाजू मांडणाऱ्याने विरोधकांकडे दुर्लक्ष केले, तर श्रोत्यांच्या शंका तशाच राहतील. म्हणूनच आपले शास्त्रकार प्रथम विरोधी मत, म्हणजे ‘पूर्वपक्ष’, प्रामाणिकपणे मांडीत आणि मगच त्याला उत्तर देत.

‘दूरचित्रवाणीमुळे शिक्षकाचे महत्त्व कमी होईल,’ असा एक आक्षेप आहे. त्याला पुराव्याने उत्तर देता येते. १९७५-७६ साली नागपूरशेजारच्या मध्य प्रदेशासह सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाच्या साहाय्याने कार्यक्रम दाखविण्यात आले. सकाळचे कार्यक्रम मुलांसाठी असत. परंतु त्याच प्रयोगात हजारो प्राथमिक शिक्षकांनाही विज्ञानाचे प्रशिक्षण मिळाले. म्हणजे शिक्षक दूर सारला गेला नाही. उलट अधिक समर्थ झाला.

‘खर्च फार येतो,’ हा दुसरा आक्षेप मात्र नाकारता येत नाही. पुण्याची ‘बालचित्रवाणी’ १९८४ साली सुरू झाली आणि आर्थिक अडचणींमुळे २०१७ साली बंद पडली. वक्त्याने हे स्वतःहून सांगावे आणि खर्चाची तरतूद कशी करावी, तेही सुचवावे.

विरोधकाचे खरे ते मान्य केल्याने आपली बाजू दुबळी होत नाही. तिच्यावरील विश्वास वाढतो.