माहेरच्या नावाचा माग

एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या सामान्य इंग्रज बाईचे घराणे शोधायला बसणाऱ्याची तक्रार ठरलेली असते: लग्न झाले की बाई कागदांतून नाहीशी होते. खरे तर ती नाहीशी होत नाही, तिची नोंद दुसऱ्याच्या खात्यावर चढते. आधी बापाच्या, मग नवऱ्याच्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म, विवाह, मृत्यूची मुलकी नोंदणी सुरू झाली. विवाहाच्या दाखल्यात दोघांच्याही वडिलांचे नाव आणि धंदा असे; आयांना जागा मिळाली ती थेट २०२१ साली. जनगणनेत बाईचे नाव सापडते, पण दिवसभर शिवण-धुणे करणाऱ्या कितीतरी जणींपुढे धंद्याचा रकाना कोरा. माहेर हाती लागते ते मुलांच्या जन्मदाखल्यात, कारण तिथे आईचे लग्नाआधीचे आडनाव असते. (आपल्याकडे लग्नात बाईचे पहिले नावही बदलत, त्या मानाने हा माग सोपाच.)

मेरी ॲन वॉकर घ्या. जन्म १८४५, लंडनच्या फ्लीट स्ट्रीटजवळ, बाप लोहार. १६ जानेवारी १८६४ रोजी सेंट ब्राइड्स चर्चमध्ये छापखान्यातल्या विल्यम निकल्सशी लग्न, पुढे पाच मुले. इथवर सगळे बापाच्या आणि नवऱ्याच्या खात्यावर. १८८०च्या सुमारास संसार मोडला, ती वर्कहाउसच्या, म्हणजे निराधारांना राबवून पोसणाऱ्या संस्थेच्या, दारात गेली आणि तिथे तिचे स्वतःचे पान उघडले. यात कनवाळूपणा नव्हता. परक्या हद्दीतल्या गरिबाचा खर्च आपल्या करदात्यांवर पडू नये म्हणून कारकून खोदून विचारत: जन्म कुठला, लग्न कुणाशी, नवरा राहिला कुठे? त्या चिकटपणाचा फायदा आज आपल्याला. ३१ ऑगस्ट १८८८च्या पहाटे व्हाइटचॅपलमध्ये तिचा खून झाला, तेव्हाही ओळख पटायला धागा मिळाला तो परकरावरच्या लँबेथ वर्कहाउसच्या शिक्क्याचा.

कुणी म्हणेल, ही ‘जॅक द रिपर’ची बळी, हिला सामान्य कसे म्हणायचे? खुनामुळे शोध सुरू झाला हे कबूल. पण विवाहनोंदी, जनगणना, वर्कहाउसची बुके आधीच लिहून झाली होती, आणि त्याच पानांवर वरखाली इतर बायकाही आहेत. हॅली रुबेनहोल्ड यांनी ‘द फाइव्ह’ (२०१९) या पुस्तकात पाच बळींची आयुष्ये मांडली, ती बरीचशी अशाच कागदांतून. आक्षेपात तथ्य आहे ते वेगळेच: जिचा संसार टिकला तिच्यावर कुणी इतके प्रश्न झाडले नाहीत. तिच्यासाठी भावंडे, लग्नाचे साक्षीदार, शेजारी असे आडवाटेनेच जावे लागते. दुसरा आक्षेप, वये चुकलेली असतात. असतातच. १८४१च्या जनगणनेत पंधरावरील वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहिण्याची सूचनाच होती. म्हणून नुसत्या वयावरून कुणाला बाद करू नये. जन्मगाव, बापाचा धंदा आणि भावंडांची नावे जुळली तर दोन-चार वर्षांचा फरक सोडून द्यावा.

एवढे करूनही बाई इंग्लंडच्या जनगणनेत सापडेना, तर ती शिपाई नवऱ्याबरोबर इकडे आली असेल. मुंबई इलाख्यातल्या युरोपियनांच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिथे तिला नवऱ्याच्या आडनावाखालीच शोधा.